बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, घरी आणलंय, आता पुढे नक्की काय काय करायचं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही सातारा जिल्ह्यातले, मी पुण्यात नोकरीला. बाबा ६४ वर्षांचे, गेल्या महिन्यात सकाळी उठले तर उजवा हात पाय लुळा, तोंड वाकडं आणि शब्दच फुटेना. रात्री झोपताना एकदम ठीक होते. भावाने लगेच गाडी काढली, सीटी स्कॅन झाला, डाव्या मेंदूत गुठळी आहे म्हणाले पण नक्की कधी झालं ते कोणालाच माहीत नसल्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही असं सांगितलं. आता घरी आणलंय. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या आहेत आणि खाली "फिजिओथेरपी" एवढा एकच शब्द.
बोललेलं त्यांना कळतंय असं वाटतं पण बोलता येत नाही, मग चिडतात, रडतात. जेवताना ठसका लागतो म्हणून आई पेज, चहा, सूप असं पातळच देतीये. आत्या रोज फोन करून सांगते की एका गावात लकव्याचं औषध देतात तिकडे न्या, आणि शेजारचे तर कबुतराचं रक्त चोळा म्हणतात. बीपीच्या गोळ्या बाबांनी आधी स्वतःच बंद केल्या होत्या, बरं वाटतंय म्हणून. हात परत चालेल का, बोलणं येईल का, आणि परत होऊ नये म्हणून काय करायचं? कृपया ज्यांना माहितीये त्यांनी सविस्तर सांगा.

फिजिओताई:
दादा, सगळ्यात आधी ठसक्याचं बघा, बाकीचं नंतर. घशाचे स्नायू कमजोर झाले की पातळ पदार्थच जास्त धोक्याचे असतात, पाणी आणि चहा इतक्या भरकन घशात जातात की गिळायच्या आधीच श्वासनलिकेत उतरतात आणि त्यातून न्यूमोनिया होतो. झटक्यातून वाचलेला पेशंट न्यूमोनियाने जातो हे फार वेळा बघितलंय, म्हणून एवढं जोर देऊन लिहितेय. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, ती या आठवड्यातच करून घ्या. तोपर्यंत सरळ बसवून, हनुवटी थोडी खाली, छोटा चमचा, एक घास गिळला की मगच दुसरा. घट्ट वरणात मऊसर कालवलेला भात, घट्ट दही, असं. आडवं झोपवून काहीही भरवू नका आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसवून ठेवा. जेवल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल किंवा ताप आला तर वाट बघू नका, दवाखान्यात न्या. प्रत्येक घासाला ठसका लागत असेल तर तोंडाने देणं थांबवून त्याच दिवशी दाखवा, काही दिवस नाकातून नळी लागू शकते, त्याला घाबरायचं नाही.
दुसरं म्हणजे खांदा. उठवताना लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका, सांधा खाली सरकतो आणि मग त्या दुखण्यामुळे पेशंट व्यायामच करू देत नाही. बसले की हाताखाली उशी. झोपून असतील तर दर २ तासांनी कूस बदला.
हात चालेल का याचं उत्तर आज कोणीच छातीठोक देऊ शकत नाही. बहुतेकांचा पाय आधी येतो, हात उशिरा, बोटं सगळ्यात शेवटी. पहिले ३ महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते, ६ महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी, पुढेही होत राहते पण हळू. म्हणून आत्ताचे दिवस वाया घालवू नका. दुसऱ्याने हात वरखाली करून दिल्याने सांधा मोकळा राहतो, पण मेंदू नव्याने शिकतो ते पेशंटने स्वतः प्रयत्न केल्यावर. वाटी पुढे सरकवणं, टॉवेलची घडी घालणं, आधाराने खुर्चीतून उठणं, तेच तेच शेकडो वेळा. हाताची मूठ आखडायला लागली असेल तर चेंडू दाबायला देऊ नका, बोटं उघडायची सवय जास्त गरजेची आहे. पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंटबद्दल, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणाऱ्या पट्टीबद्दल, फिजिओला विचारा.

वाईची_लेक:
माझ्या आईला असंच झालं होतं, डाव्या मेंदूत, बोलणं पूर्ण गेलं होतं. दादा, बाबांची बुद्धी गेलेली नाही, शब्द सापडत नाहीयेत एवढंच, त्यामुळे त्यांच्यासमोर "यांना काही कळत नाही" असं कोणालाही म्हणू देऊ नका, पाहुणे येऊन हमखास म्हणतात. प्रश्न असे विचारा की हो किंवा नाही मान हलवून सांगता येईल. टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच गोष्ट, आणि उत्तराला वेळ द्या, त्यांचं वाक्य आपण पूर्ण करायची घाई नको. आमच्या आईला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं पण संध्याकाळी आरती सुरू झाली की तिच्या तोंडून शब्द यायचे, आम्ही रडायलाच लागलो होतो. थेरपिस्टनी सांगितलं की पाठ असलेलं, चालीतलं बऱ्याचदा शाबूत राहतं, तिथूनच सुरुवात करा. बाबा वारकरी असतील तर हरिपाठ लावा, मोजणी, वारांची नावं म्हणून घ्या.
आणि चिडणं रडणं याकडे स्वभाव म्हणून बघू नका. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं, त्यावर गोळ्या आहेत, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आपणहून सांगा.
मुंबईला नेणं जमत असेल तर हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे फिजिओ, ऑक्युपेशनल (रोजची कामं परत शिकवणारी थेरपी), स्पीच सगळं एका छताखाली मिळतं. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही स्पीच थेरपी होते. लांबचं नको असेल तर सिव्हिलमध्ये आधी विचारा.

निवृत्त_सिस्टर:
आत्याबाईंना माझ्याकडून सांगा, माया आहे म्हणून बोलतात हे कळतं, पण त्या गावच्या औषधासाठी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या की दुसरा झटका ओढवून घेतल्यासारखं आहे. काही पेशंट आपोआप सुधारतात, निसर्गानेच, आणि नाव त्या औषधाचं होतं. कबुतराच्या रक्ताने मेंदूतली नस उघडत नाही हो, एक मुका जीव जातो फक्त.
दुसरा झटका टाळायचा तर बीपी हाच मुख्य शत्रू. बहुतेक पेशंटना १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, तुमच्या बाबांचं किती हवं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरी मशीन आणा, वहीत रोज लिहा. बरं वाटतंय ते गोळीमुळे वाटतंय, म्हणून गोळी चालूच राहणार. रक्त पातळ करायची आणि कोलेस्टेरॉलची गोळीही तशीच, विचारल्याशिवाय थांबवायची नाही. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात आपला सातारा जिल्हा सुरुवातीपासून आहे, आशाताईंना विचारा. तंबाखू, मिश्री, बिडी पूर्ण बंद. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे कमी. साखर तपासा. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का ते ईसीजीवर बघितलं का विचारा, कारण ते निघालं तर गोळी वेगळी असते. मानेच्या नसांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, राहिला असेल तर तोही.
घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा, चेहरा वाकडा, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, अचानक तोल जातो किंवा दिसेनासं होतं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. पाच मिनिटांत बरं झालं तरी जायचंच, तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. सीटी स्कॅनची सोय कुठे आहे ते आजच ठरवून ठेवा. शेवटचं ठीक कधी बघितलं ती वेळ सांगा, इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, मोठी गुठळी मांडीतून तार घालून काढायची असेल तर साधारण ६ तास, निवडक पेशंटमध्ये २४ पर्यंत. झोपेत झालं असेल तरी मोठ्या केंद्रात एमआरआय बघून कधीकधी उपचार देतात. आणि घरी ॲस्पिरिन द्यायची नाही, गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही.

कृष्णाकाठ:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आईला फोन केला, चहा बंद केलाय, उद्याच स्पीच थेरपिस्टकडे नेतोय. अजून एक, फिजिओ घरी बोलावला तर खर्च फार होतोय, महात्मा फुले योजनेतून काही मिळेल का?

निवृत्त_सिस्टर:
ती योजना ॲडमिट असतानाच्या उपचारांसाठी आहे, घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे त्यातून मिळत नाहीत. परत दाखल करायची वेळ आली तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला भेटा. हात पायाचं अधूपण राहिलंच तर सिव्हिलमधून अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढता येतं, डिस्चार्जचे सगळे कागद आणि सीटीची फिल्म जपून ठेवा.

फिजिओताई:
खर्चासाठी असं करा, फिजिओला आठवड्यातून दोनदा बोलवा आणि त्यांच्याकडून आई आणि भाऊ दोघांनाही व्यायाम शिकवून घ्या, मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. रोज सकाळ संध्याकाळ घरचेच करून घेऊ शकतात. आईंनी एकटीने उचलायचं नाही मात्र, त्यांची कंबर गेली तर दोन पेशंट होतील.