मदत हवी आहे: तापीच्या काळ्या वाळूत डिटेक्टर उगाच वाजतो

राम राम मंडळी. मी भुसावळचा, नुकताच निवृत्त झालोय. भाच्याने मेटल डिटेक्टर आणून दिला, तेव्हापासून आम्ही तिघं मित्र रविवारी चांगदेवला तापी-पूर्णा संगमावर जातो. देवळाच्या आवारात नाही, फक्त वाळूत. खिळे, नाणी, एकदा चांदीचं जोडवं! भाकरी-ठेचा खात गप्पा होतात, मन हलकं होतं.

पण ओल्या वाळूत यंत्र सारखं वाजतं. आपल्या बेसाल्टच्या वाळूत मॅग्नेटाइट (लोखंडाचं चुंबकीय खनिज) असतं, त्यामुळेच ना? ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांकडे यंत्राने दुर्लक्ष करावं अशी जुळणी, कसा करायचा? की पल्स इंडक्शनचं (चुंबकीय स्पंदनं सोडून धातू शोधणारं) यंत्र घ्यावं?

शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचा पुरलेला ऐवज सापडला तर कलेक्टरांना कळवावं लागतं. वाहून आलेलं जोडवंही त्यात येतं का? कुणी असं कळवलं असेल तर नक्की सांगा.