मदत हवी आहे: बोअरच्या पाण्याने कुरळे केस कोरडे पडून तुटायला लागलेत

जोंधळ्याचं_कणीस:
नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यात राहते. केस मूळचेच कुरळे आणि जाड. रंग, स्ट्रेटनिंग, रिबाँडिंग असलं काहीही केलेलं नाही. घरी बोअरचं पाणी सुरू झाल्यापासून केस राठ पडलेत. खांद्याखाली चार बोटांपर्यंत येतात आणि तिथंच अडतात. विंचरताना फरशीवर छोटे छोटे तुकडे पडतात.

सध्याचं रुटीन: आठवड्यातून दोनदा शिकेकाई पावडर, पाणी बंबातलं चांगलं कढत. एरंडेल आणि खोबरेल निम्मं निम्मं मिसळून रोज लावते, तरी संध्याकाळपर्यंत केस परत कोरडे. कंडिशनर वापरत नाही.

ओलावा कसा टिकवायचा आणि वाढ कशानं होईल? कांद्याचा रस, बायोटिनच्या गोळ्या असं बरंच सुचवतात, नेमकं काय खरं ते कळेना. पाण्याचं काही करता येतं का तेही सांगा.

खानापुरी:
आधी वाढ आणि तुटणं वेगळं करून बघा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. विंचरल्यावर पडलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवा, रंग काळा असल्याने नीट दिसतात. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला केस. असे रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच. गाठ नाही, लांबी कमी, टोक फाटलेलं, असं असेल तर केस मधेच तुटलेला आहे. तुटक्या केसावर मधे कुठं पांढरा ठिपका दिसतो का तेही उजेडात धरून बघा. त्या ठिकाणी केसाचे तंतू उसवलेले असतात आणि पुढचा तुकडा तिथूनच पडतो.

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे वर्षाला पाच इंचांच्या आसपास. तुमची लांबी एका जागी अडलीय याचा अर्थ बहुतेक असा, की वाढ होतेय पण तेवढंच टोकाकडून तुटून जातंय. तसं असेल तर मुळाला काहीही चोळा, लांबी दिसणार नाही.

आणखी दोन गोष्टी सांगा. बंबाच्या आत पांढरा थर धरतो का? त्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो का?

जोंधळ्याचं_कणीस:
बघितलं. बहुतेक केसांना गाठ नाही, दोनतीन केसांवर पांढरे ठिपके आहेत. थर जाड धरतो, खरवडून काढावा लागतो. डाळीला शिट्ट्या जास्त लागतात, हे खरं आहे.

निपाणी_लॅब:
मग पाण्यापासूनच सुरुवात करा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. खोल बोअरचं पाणी यात वरच्या बाजूला जाणं सहज शक्य आहे. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, ते धरणाचं असल्यानं मऊ. म्हणून शहरातल्या मैत्रिणीला चाललेलं रुटीन अथणीत चालेलच असं नाही. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायचा संच असतो, एकदा आकडा काढून घ्या.

कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात. केसाचं वरचं आवरण छपरावरच्या कौलांसारखं एकावर एक खवल्यांचं असतं. क्षार बसले की खवले सपाट राहत नाहीत, केस एकमेकांत अडकतात, आणि विंचरताना ओढ बसून तुटतात. अंगाचा साबण डोक्याला लावला तर क्षारांशी मिळून चिकट साका होतो, तो सगळ्यात वाईट. शाम्पू आणि शिकेकाईचा तसा साका होत नाही, पण आधी बसलेला क्षार शिकेकाई नीट काढत नाही.

घरच्या घरी काय करता येतं:

न्हायचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, रात्रभर निवू द्या, आणि तळाचा गाळ न हलवता वरचं पाणी अलगद दुसऱ्या बादलीत ओता. उकळल्यानं बायकार्बोनेटमुळं आलेला कठीणपणा तळाशी बसतो. बंबात धरतो तो थर हाच. सल्फेट आणि क्लोराइडमुळं आलेला कठीणपणा मात्र उकळून जात नाही.

तुरटी फिरवून उपयोग नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते, क्षार काढत नाही. नळाला लावायचे कोळशाचे फिल्टरही क्लोरिन काढतात, कठीणपणा नाही. त्यासाठी रेझिनचा, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा, सॉफ्टनर लागतो, ज्यात ठरावीक दिवसांनी मीठ घालून रेझिन ताजं करतात.

शेवटच्या पाण्यासाठी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, साधं व्हिनेगर घाला. केसांवर ओता, मिनिटभर थांबा, मग साधं पाणी. डोक्यावर जखम, खरचटलेलं असेल तर नको. लिंबाचा रस चालतो, पण गाळून घ्या आणि धुऊन टाकल्याशिवाय उन्हात जाऊ नका, लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर डाग पडतात. खायचा सोडा मात्र कधीच नको. तो अल्कधर्मी असल्यानं खवले आणखी उघडतात.

महिन्यातून एकदोनदा क्लॅरिफायिंग शाम्पू वापरा. बाटलीवरच्या घटकांत डायसोडियम इडीटीए किंवा टेट्रासोडियम इडीटीए आहे का बघा. हा घटक क्षारांना पकडून केसावरून सोडवतो. आधी हे काम करा, मगच कंडिशनर लागू पडेल. क्षाराच्या थरावर थापलेलं काहीही वरच्यावर राहतं.

शहापूरची_अक्का:
आता तेलाबद्दल सांगते, कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथंच आहे. तेलात पाणी नसतं. तेल ओलावा देत नाही, केसात असलेला ओलावा उडून जाऊ नये म्हणून अडवतं. कोरड्या केसावर रोज तेल लावलं तर कोरडेपणावरच झाकण बसतं. चमक येते, राठपणा जात नाही.

खोबरेल वेगळं आहे. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं, त्यामुळं ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. म्हणून खोबरेलाची जागा न्हाण्याआधी. तुमच्या लांबीला दोन लहान चमचे पुरे, कानाच्या खालच्या भागाला जास्त. रात्री लावा किंवा निदान दोन तास आधी. एरंडेल या मिश्रणातून काढून टाका. ते फार घट्ट आणि चिकट. एरंडेल लावून न्हाल्यावर केसांचा सुटूच न शकणारा गठ्ठा होऊन केस कापावे लागल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. एरंडेलानं केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही.

न्हाणं असं करा. पाणी कोमट, हाताच्या मनगटावर सोसेल इतकंच. कढत पाण्यानं टाळूचं तेल पार निघून जातं आणि कुरळ्या केसात ते आधीच टोकापर्यंत पोचत नसतं, वळणावळणावर अडतं. सौम्य शाम्पू एक चमचा घेऊन अर्ध्या तांब्या पाण्यात फेटा आणि फक्त टाळूला बोटांच्या पेरांनी चोळा. लांबीवरून खाली वाहणारा फेस पुरतो, केसांचा बोचका करून घासू नका.

मग पाणी निथळवून कंडिशनर दोन मोठे चमचे, कानापासून टोकापर्यंत. टाळूला नको. घटकांत बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रायमोनियम क्लोराइड असावं, ते खवल्यांना चिकटून केस निसरडे करतात. सेटिल किंवा सेटेरिल अल्कोहोल वाचून घाबरू नका, नावात अल्कोहोल असलं तरी ते मेणासारखे मऊ करणारे पदार्थ आहेत. कंडिशनर लावलेलं असतानाच मोठ्या दातांच्या फणीनं टोकाकडून वर वर सोडवत या. तीन मिनिटं ठेवा, धुवा.

ही फणी कोरड्या केसात घालू नका. कुरळा केस कोरडा विंचरणं आणि तुकडे पाडणं एकच.

टॉवेलनं खसाखसा पुसू नका. जुना सुती पंचा घेऊन मूठभर केस दाबत पाणी टिपा. केस अजून ठिबकत असतानाच वाटाण्याएवढा कंडिशनर किंवा जवसाचा गर हातावर पसरून लांबीला लावा आणि त्यावर खोबरेलाचे तीनचार थेंब. क्रम हाच ठेवा: आधी पाणी, मग मऊ करणारं, शेवटी तेल.

जोंधळ्याचं_कणीस:
जवसाचा गर कसा करायचा? जवस घरात चटणीसाठी असतातच. आणि शिकेकाई सोडूनच द्यायची का?

शहापूरची_अक्का:
दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी. मंद आचेवर ढवळत सातआठ मिनिटं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की लगेच बंद करा आणि गरम असतानाच पातळ मलमलीतून गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर फडक्यातून उतरतच नाही. फार आटवला तर वाळल्यावर केसावर पांढरे पापुद्रे दिसतात. हा गर बाहेर दोन दिवसांत आंबतो, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. वास बदलला की टाकून द्या.

शिकेकाई सोडायला नको, पावडर थेट डोक्यावर थापायची नाही. तिचे कण कुरळ्या केसात अडकतात आणि काढताना घासाघीस होते. दोन मोठे चमचे शिकेकाई आणि अर्धा चमचा मेथी अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, कापडातून गाळा. मेथीचा बुळबुळीतपणा केस सोडवायला मदत करतो. हे आठवड्यातून एकदाच, आणि त्यानंतरही कंडिशनर हवाच. डोळ्यांत जाऊ देऊ नका, चांगलंच झोंबतं.

खानापुरी:
एक गोष्ट हवामानाची. ग्लिसरीन असलेलं लीव-इन, म्हणजे न धुता केसात तसंच ठेवायचं क्रीम, खानापूर, कणकुंबीच्या पावसाळ्यात केस फुलवून ठेवतं, कारण हवेतलं पाणी ओढून केस फुगतो. उलट अथणीच्या उन्हाळ्यात हवाच कोरडी, तिथं ते केसातलंच पाणी बाहेर घेतं. मार्च ते मे ग्लिसरीन घटकांत पहिल्या चारपाचांत असेल तर ती बाटली बाजूला ठेवा, जवसाचा गर आणि वर तेल बरं.

झोपताना सैल वेणी आणि गुळगुळीत खोळ. जुन्या रेशमी साडीचा तुकडा शिवून घ्या, जरीचा भाग नको, जर केसाला कापते. आणि घट्ट अंबाडा रोज एकाच जागी बांधू नका. कपाळाजवळचे केस ओढीनं विरळ होतात आणि फार वर्षं ओढ राहिली तर ते परत येत नाहीत.

टोकं फाटलेली आहेत ती कशानंही जुळत नाहीत. दर तीन महिन्यांनी एक सेंटीमीटर कापा. वाढ तीन सेंटीमीटर झालेली असते, त्यामुळं लांबी पुढंच जाते. न कापलं तर फाट वर चढत जाते.

निपाणी_लॅब:
वाढीकडे येतो. त्वचेबाहेरचा केस मेलेला असतो, वाढ ठरते ती मुळाशी. त्यामुळं तुमचं मुख्य दुखणं तुटण्याचं असलं तरी रक्त एकदा तपासून घेणं चांगलं: हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), ड जीवनसत्त्व आणि बी १२. हिमोग्लोबिन ठीक दिसून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, खाली गेलेला असू शकतो. थायरॉइड मंदावलं तरी केस असेच कोरडे आणि जाडेभरडे होतात, मग बाहेरून कितीही करा.

बायोटिनची खरी कमतरता क्वचित असते. गोळी घेत असाल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा, कारण तिनं थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हे डॉक्टर विचारतीलच असं नाही.

कांद्याच्या रसाचा जो अभ्यास सगळे सांगतात तो चाई पडलेल्या रुग्णांवरचा होता. तुटणाऱ्या केसाला त्याचा उपयोग नाही, टाळू मात्र भाजल्यासारखी लाल होऊ शकते.

जेवणात प्रथिनं रोज आपल्या वजनाच्या किलोमागे पाऊण ते एक ग्रॅम धरा. नुसत्या जोंधळ्याच्या भाकरीवर आणि तिखटावर ते भागत नाही. हुलग्याचं कट, मटकी, शेंगाचटणी, ताक, खात असाल तर अंडी. लोहासाठी पालेभाजी आणि कडधान्यावर लिंबू पिळा, आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा. चहानं लोह कमी शोषलं जातं.

ताप, टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण किंवा उपासमारीचं डाएट झालं की दोनतीन महिन्यांनी मुळासकट केस गळतात. ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. पण भांग रुंद होत गेला, गोल चकती पडली, टाळूला खाज, पू, खपल्या असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध दुकानातून स्वतःहून आणू नका, गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना तर नाहीच.

जोंधळ्याचं_कणीस:
खूप आभार सगळ्यांचे. या आठवड्यात इडीटीएचा शाम्पू आणते आणि फेरिटिन करून घेते. एक शेवटचं. घरी आरओ आहे, त्याचं बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी केसांना वापरलं तर? रोज बादलीभर जातं, जीव तुटतो.

निपाणी_लॅब:
ते नको. आरओ जे क्षार काढतं ते त्याच पाण्यात जातात, म्हणजे ते बोअरपेक्षाही कठीण. फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. केसांना शेवटचं पाणी हवं असेल तर पिण्याच्या बाजूचं दीड-दोन लिटर काढून ठेवा, व्हिनेगर त्यातच मिसळा. तेवढं पुरतं.

शहापूरची_अक्का:
आणि फरक किती दिवसांत दिसेल असं विचाराल म्हणून सांगते. मऊपणा क्षार निघाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या न्हाण्यात हाताला लागतो. फरशीवरचे तुकडे महिना-दोन महिन्यांत कमी व्हायला हवेत. लांबी सहा महिन्यांच्या आधी मोजूच नका, आणि मोजताना कुरळा केस ओला करून सरळ ओढून मोजा, नाहीतर आकसलेल्या केसाचं माप दर वेळी वेगळं येतं.