खुर्ची नको, चार पोरं बस्स?

मूळ पोस्ट (सोसायटीच्या बजेटवरून): "इव्हॅक्युएशन चेअर, म्हणजे लिफ्ट बंद असताना माणसाला जिन्यावरून उतरवायची खास खुर्ची, ही निव्वळ उधळपट्टी. लिफ्ट बंद पडली तर चार पोरं बोलवा, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवा, उतरवा. नागपुरात माणसं कमी पडत नाहीत."

मनीषनगरची सून: हे वाचून डोकंच फिरलं. मागच्या मे महिन्यात लाईट गेली, सासऱ्यांना चौथ्या मजल्यावरून अशाच चार पोरांनी उतरवलं. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय मोडला. पुढच्या पोरानं अंगावर झेललं म्हणून निभावलं. त्याची कंबर महिनाभर धरली होती. अहो, इव्हॅक्युएशन चेअर उचलायचीच नसते! मागचे रबरी पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकतात, बसलेल्याच्या वजनानंच पकड बसते आणि वेग आवरतो. चालवणारा मागे, वरच्या पायरीवर. बसणाऱ्याचं तोंड उताराकडे, छातीचा अन् मांड्यांचा पट्टा आवळलेला. लँडिंगवर चाकांवर वळवायची.

मूळ पोस्टवाला: विकणाऱ्यांचं कमिशन मिळते का ताई? आमच्या महाल भागातल्या वाड्यात वळणावर तिकोन्या पायऱ्या आहेत. तिथं चालवून दाखवा.

मनीषनगरची सून: तिकोन्या पायऱ्यांवर नाही चालत, मान्य. वाड्यासाठी कोण मागून राहिलं?

तिसरा मजला: खुर्ची येईल तेव्हा येईल. लँडिंगवर बी विंगवाल्यांचा कूलर आठ महिने झोपून असतो, त्यावर चपलांचं रॅक. मी रिकाम्या हातानं तिरका होऊन उतरतो.

बी विंग: आमचा कूलर दिसतो, तुमच्या पोराची सायकल नाही दिसत?

तिसरा मजला: सायकल एका हातानं उचलता येते. तुमच्या टाकीत पाणी तसंच आहे, डेंग्यू फुकट!

बी विंग: पाणी तुमच्या गॅलरीतून गळते!! प्लंबरचे पैसे कोणी बुडवले ते सांगू का इथं?

सेफ्टीवाला: जरा थांबा. २००१च्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ६९व्या मजल्यावरून व्हीलचेअरवरच्या एका कर्मचाऱ्याला दहा सहकाऱ्यांनी अशाच इव्हॅक्युएशन चेअरमधून खाली आणलं. १९९३च्या स्फोटानंतर तिथं त्या घेऊन ठेवल्या होत्या.

मूळ पोस्टवाला: पाहा! दहा लागले. मी चारच म्हटले होते.

सेफ्टीवाला: ६९ मजले होते बाप्पा. तुमच्याकडे पाच. पण आधी रिकामी चालवून शिका, मग धडधाकट माणूस बसवा. आजोबांवर पहिला प्रयोग नको.

मूळ पोस्टवाला: बरं, घ्या. माझी वर्गणी धरा. मात्र पहिल्यांदा बी विंगवाल्यांनाच बसवा, कूलरवरून कशी जाते ते पाहू.

बी विंग: कूलर रविवारी हलवतो. सायकल आधी.