पनीरमधला साल्मोनेला अर्ध्या तासात? ऑप्टिकल सेन्सर घ्यावा का?

दूधवाटी: आमचं छोटं पनीर युनिट आहे, लॅबला सॅम्पल दिलं की साल्मोनेलाचा रिपोर्ट यायला चार-पाच दिवस जातात आणि तोवर माल विकून संपलेला असतो. आता एका व्हिडिओत बघितलं, सोन्याचा थर दिलेली चिप आणि लाइट वापरून अर्ध्या तासात जंतू कळतो म्हणे. मग लॅबची कल्चर टेस्ट (जंतू वाढवून बघायची) बंद करता येईल का?

पेट्रीडिश: नाही, बंद नका करू. ते एसपीआर म्हणजे सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स. काचेवर साधारण ५० नॅनोमीटरचा सोन्याचा थर, त्यावर साल्मोनेलाला पकडणाऱ्या अँटीबॉडी, खालून लाइट मारली की एका ठरावीक कोनात परत येणारा उजेड एकदम कमी होतो आणि वर काही चिकटलं की तो कोन सरकतो, तेवढंच मोजायचं. गोम अशी की ह्या लाइटची पोच सोन्याच्या वर जेमतेम दोन-तीनशे नॅनोमीटर, आणि जंतू एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे त्याचा बराचसा भाग सेन्सरला दिसतच नाही. त्यामुळे थेट मोजायचं तर मिलिलिटरला हजारो-लाखो पेशी लागतात. आपला नियम काय, २५ ग्रॅममध्ये एकही नको! मग ती एखादी पेशी आधी वाढवावीच लागते, एन्रिचमेंटला १८ तास तरी धरा. अर्धा तास त्याच्या पुढचा, आणि व्हिडिओवाले हे सांगत नाहीत याचा मला खरंच राग येतो, लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे.

ताकपोळी: +१. शिवाय पनीरमधलं फॅट-प्रोटीन सोन्यावर चिकटून खोटा सिग्नल देतं, आणि अँटीबॉडी मेलेल्या जंतूलाही पकडते. अँटीबॉडी लावलेले मॅग्नेटिक बीड्स टाकून जंतू आधी ओढून घेतले तर सिग्नल बराच साफ येतो.

दूधवाटी: पण आम्ही दूध ८५-९० डिग्रीला तापवतो, मग जंतू येतो कुठून?

पेट्रीडिश: तापवल्यावर साल्मोनेला मरतोच, तो येतो नंतर. गाळायचं कापड, प्रेसचे साचे, गार पाण्याची टाकी, हात. तिथे एटीपी स्वॅब वापरा, म्हणजे पुसून नमुना घ्यायची काडी; एटीपी हा जिवंत पेशींत आणि अन्नाच्या अवशेषांत असणारा पदार्थ. तीही उजेडाचीच टेस्ट, लुसिफरेज एन्झाइम एटीपीबरोबर चमकतं, मशीन काही सेकंदात आकडा देतं. जंतू कोणता ते नाही कळत, पण साचा नीट धुतला गेला की नाही ते माल भरायच्या आधी कळतं. साल्मोनेलासाठी एन्रिचमेंट करून गोल्ड नॅनोपार्टिकलची स्ट्रिप (सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची पट्टी, जंतू असला की रेघ उमटते) लॅबला विचारा, निगेटिव्ह असेल तर एक-दोन दिवसांत कळेल, पॉझिटिव्ह आली तर कल्चरने कन्फर्म होईपर्यंत माल अडवून ठेवा.

दूधवाटी: कापडं आम्ही नुसती साबणाने धुतो, उद्यापासून उकळतो. स्वॅबची चौकशी करते, टाकीच्या पाण्यापासून सुरुवात.