मदत हवी आहे: तारखेत दिवस आणि महिना उलटे होतायत

नवशिका: फॉर्ममध्ये ०५/०८/२०२४ म्हणजे ५ ऑगस्ट टाकली की ८ मे सेव्ह होते. काही तारखा मात्र बरोबर येतात. कालपासून यातच अडकलोय. साइट चालू आहे, लोक फॉर्म भरतायत, कृपया लवकर सांगा.

खटपट्या: भाषा कोणती? डेटाबेस? कोडची ती ओळ तरी टाका.

पडद्यामागे: लक्झॉन वापरा, जावास्क्रिप्टची तारखांसाठीची तयार लायब्ररी. माझ्या तीन प्रोजेक्टमध्ये आहे, तारखेचा त्रास कायमचा संपला.

जुनाजाणता: एवढ्यासाठी लायब्ररी कशाला? फॉर्ममधल्या तारखेच्या रकान्याचा, म्हणजे इनपुटचा, टाइप डेट करा. दिसताना काहीही दिसो, सर्व्हरकडे वर्ष-महिना-दिवस असंच जातं.

पडद्यामागे: आणि टाइमझोन? जावास्क्रिप्टचं टूआयएसओस्ट्रिंग वेळ यूटीसीत, म्हणजे ग्रीनिचच्या प्रमाणवेळेत नेतं. ग्रीनिचच्या पूर्वेला मध्यरात्रीची तारीख एक दिवस मागे सरकते. मी भोगलंय हे.

जुनाजाणता: अहो, त्यांचा दिवस सरकत नाहीये, महिना उलटतोय.

अक्षरवेडी: तारीख मराठीत हवी असेल तर जावास्क्रिप्टमध्ये तारीख दाखवणाऱ्या इंटल डेटटाइमफॉरमॅटला मराठीचं लोकेल, म्हणजे भाषेचा कोड, द्या. आकडेही देवनागरीत येतात, फार छान दिसतं.

नवशिका: दाखवायची नाहीये हो, सेव्ह करायचीये! भाषा पीएचपी, डेटाबेस मायएसक्यूएल. लिहिलेली तारीख वाचायला स्ट्रटूटाइम हे फंक्शन लावलंय. आणि २५ ऑगस्ट टाकली तर १ जानेवारी १९७० येते, हे सांगायचं राहिलं.

खटपट्या: मग कळलं. मध्ये तिरकी रेघ दिसली की स्ट्रटूटाइम अमेरिकी पद्धतीने महिना आधी धरतं, आडवी रेघ असेल तर दिवस आधी. २५ वा महिना नसतो म्हणून फॉल्स, म्हणजे ‘जमलं नाही’, असं मिळतं, डेट फंक्शन त्याचा शून्य करतं आणि सेकंद १ जानेवारी १९७० पासून मोजतात, म्हणून शून्य म्हणजे १९७०. ७/७ सारख्या तारखा उलटूनही तशाच राहतात, त्या तुम्हाला बरोबर वाटल्या. डेटटाइमचं क्रिएटफ्रॉमफॉरमॅट वापरा, त्याला तारखेचा क्रम आपणच सांगतो: स्मॉल डी (दिवस), स्मॉल एम (महिना), कॅपिटल वाय (वर्ष), मध्ये तिरक्या रेघा.

जुनाजाणता: त्यातही ३१ फेब्रुवारी टाकली तर ते गुपचूप मार्चमध्ये जातं. अशा चुकांचे इशारे देणारं गेटलास्टएरर्स तपासाच.

नवशिका: चाललं! खूप आभार. पण आधी सेव्ह झालेल्यांचं काय? चारशेच्या वर नोंदी आहेत.

खटपट्या: सगळ्यांनी दिवस आधी लिहिला असेल, तर १९७० सोडून प्रत्येक नोंद उलटी आहे. बॅकअप घ्या, दुरुस्तीच्या आधीच्याच नोंदींचा दिवस-महिना अदलाबदल करा. १९७० वाल्यांची मूळ तारीख टेबलात उरलेलीच नाही, त्या लोकांना पुन्हा विचारावं लागेल.

अक्षरवेडी: आणि मराठी आकड्यांचं?