साहेबांचे साहेब नाहीत, भाऊ

एका भाऊंनी विचारलंय, सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) म्हणजे लष्कर, नौदल, हवाई दल या तिन्ही दलप्रमुखांचे साहेबच ना? नाही. जनरल बिपिन रावत 1 जानेवारी 2020 ला पहिले सीडीएस झाले, तेव्हाच ठरलं होतं की दलप्रमुखांवर त्यांचा लष्करी हुकूम चालणार नाही. हुद्द्याचे तारे सीडीएसना आणि दलप्रमुखांना सारखेच, चार. त्यांच्या हाताखाली तीन ताऱ्यांचे एकात्मिक संरक्षण दल प्रमुख; त्यांचं मुख्यालय कारगिल युद्धानंतरचं, 2001 चं.

आमचे पारोळ्याचे मामा निवृत्त हवालदार. ओट्यावर तंबाखू मळत सांगतात, "लष्करात भरती, शिस्त अ‍ॅडज्युटंट जनरलकडे, रेशन क्वार्टरमास्टर जनरलकडे. जवानाचं पोट ह्या दुसऱ्याच्या हातात!" वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातली काडतुसं मात्र यातल्या कुणाचीच नाहीत, ती संरक्षण मंत्रालयाच्या संरक्षण उत्पादन विभागाच्या अखत्यारीत.