५ वर्षांनी जपानमधलं वाकायामा सोडतेय, नेन्किनचे (इथल्या पेन्शनचे) पैसे काढू का राहू देऊ? आणि शाळेतल्या मुलांना कधी सांगू?

मिकान_वाकायामा
नमस्कार मंडळी. मी इथे सरकारी शाळांमध्ये एएलटी (इंग्रजीची सहायक शिक्षिका) आहे, जेट प्रोग्रामवर म्हणजे परदेशी लोकांना इथे बोलावणाऱ्या सरकारी योजनेत, आणि जेटमध्ये ५ वर्षांच्या वर राहता येत नाही म्हणून जुलैअखेर माझं काम संपतंय, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घरी मुंबईला. यादी करायला बसले की डोकं गरगरतं. नेन्किन कापलं गेलंय पूर्ण ५ वर्षं, ते एकरकमी काढून घ्यावं असं सगळे म्हणतात पण भारत-जपान पेन्शन करार आहे म्हणे, मग राहू द्यावं का? फ्रीज, वॉशिंग मशीनचं काय करतात? राइस कुकर आईसाठी न्यायचाय, चालेल का तिकडे?

आणि खरं सांगायचं तर जीव अडकलाय तो मुलांमध्ये. गेल्या वर्षी पाचवीच्या पोरांबरोबर सहलीला कोयासानला, म्हणजे इथल्या बौद्ध मठांच्या डोंगरावर गेले होते, तिथल्या ओकुनोइन दफनभूमीच्या वाटेवर जुन्या दगडी समाध्यांवर सिद्धम (संस्कृतची जुनी भारतीय लिपी) अक्षरं कोरलेली आहेत, एका मुलाने त्यातल्या एकावर बोट ठेवून विचारलं, सेन्सेई (बाई), हे तुमचं अक्षर ना? तेव्हापासून दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ५-६ जण येतात देवनागरी शिकायला. त्यांचं आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना आणि आपली बाराखडी-वर्णमाला एकाच क्रमाने चालतात हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवलं तर वर्गात एकच कल्ला झाला होता. ह्यांना मी अजून काही बोलले नाहीये. कधी सांगू?

सेंदाई_ते_सांगली
नेन्किनचं आधी सांगतो कारण यात लोक घाई करतात. कराराचा (ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे) फायदा असा की दोन्ही देशांतली वर्षं जोडून पात्रता मोजतात. जपानची पेन्शन मिळायला किमान १० वर्षं लागतात, म्हणजे जपानमधली ५ आणि भारतात पीएफ-पेन्शनमध्ये आणखी ५ भरली तर ६५ नंतर जपानकडून तुम्हाला पेन्शन चालू होऊ शकते, पण रक्कम फक्त जपानमधल्या ५ वर्षांपुरती. एकरकमी काढलं की ती ५ वर्षं पुसली गेली, मग जोडाजोडी नाही. त्यामुळे भारतात पीएफवाली नोकरी करणार असाल तर आधी शांतपणे आकडा काढा. मी काढून घेतले कारण भारतात आल्यावर स्वतःचे क्लासेस सुरू केले, पीएफचा प्रश्नच नव्हता.

काढायचं ठरलं तर ६० महिन्यांचे साधारण साडेपाच महिन्यांच्या सरासरी पगाराइतके बसतात, बोनस धरून. अर्ज जपान सोडल्यावर २ वर्षांच्या आत. त्यातून २०.४२ टक्के कर कापून येतो, तो बराचसा परत मिळतो, पण त्यासाठी जपानात राहणारं कुणीतरी नोझेई कान्रिनिन (कराची कामं बघणारा प्रतिनिधी) म्हणून नेमा आणि तो फॉर्म निघायच्या आधीच टॅक्स ऑफिसला देऊन ठेवा. माझ्यासाठी माझ्या शाळेतल्या जपानी सहकारी बाईंनी हे केलं, दोन सह्या आणि एक पाकीट एवढंच त्यांचं काम होतं. निळी नेन्किन वही असेल तर ती जपा, नसेल तर नंबर लिहून ठेवा. एअरपोर्टवरच्या फॉर्मवर री-एन्ट्रीच्या (परत येणार) चौकोनात टिक करू नका, रेसिडेन्स कार्डाला भोक पाडून परत देतात, त्याचीही झेरॉक्स ठेवा.

नीशिकासाई_मावशी
ताई, फ्रीज आणि वॉशिंग मशीन सोदाई गोमीत (मोठ्या वस्तूंच्या कचऱ्यात) घेत नाहीत, टीव्ही आणि एसीपण नाही. रिसायकलची फी भरून द्यावं लागतं, म्हणून आत्ताच जिमोतीवर (जुन्या वस्तू देण्याघेण्याची साइट) फुकट टाका, जून संपेपर्यंत कुणीतरी नेतंच. गाद्या, कपाटं यांच्यासाठी फोन करून तारीख घ्यावी लागते आणि फीचं स्टिकर कोन्बिनीतून (कोपऱ्यावरच्या छोट्या सुपरमार्केटातून) आणायचं, जुलैच्या शेवटी तारखा मिळत नाहीत बरं का. घरमालकाला महिनाभर आधी लेखी कळवा, तेन्शुत्सु तोदोके (गाव सोडत असल्याची पालिकेतली नोंद) निघायच्या १४ दिवस आधीपासून देता येते. आणि जूमिनझेई (रहिवासी कर)! १ जानेवारीला तुम्ही इथे होता त्यामुळे मागच्या वर्षीच्या कमाईवरचा पूर्ण कर लागतो, पुढच्या मे महिन्यापर्यंतचा. ऑफिसला सांगून शेवटच्या पगारातून एकदम कापून घ्या. बँक खातं शेवटचा पगार जमा होईपर्यंत बंद करू नका.

कुकर नेऊ नका. इथला १०० व्होल्टचा, तिकडे २३०, लावला की जळेल. ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो कुकरपेक्षा जड. ओसाकात निप्पोनबाशीला २२० वाले मिळतात ते बघा.

गिफू_सेन्सेई
मी फक्त मुलांबद्दल बोलते. मी ४ वर्षं होते आणि उपमुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून शेवटच्या दिवशी समारोपाच्या सभेतच जाहीर केलं. पहिलीतली एक मुलगी, जिला मी रोज तिच्या बुटांच्या कप्प्याजवळ हाय फाइव्ह द्यायचे, ती रडली नाही काही नाही, नुसती मला बघत उभी राहिली आणि मग दोन वाजता सगळे घरी गेले. मला तिच्याशी बोलताच आलं नाही. आज सहा वर्षं झाली तरी ते टोचतं. शाळेला विचार, पण विचारताना जूनमध्येच परवानगी माग, आणि तुझ्या शुक्रवारच्या पोरांना तू स्वतः सांग, सभेतून कळू देऊ नकोस. वेळ मिळाला की मुलं शिकिशीवर (निरोपाच्या जाड चौकोनी कार्डावर) सह्या करतात, पत्रं लिहितात, आणि तुलाही प्रत्येकाला उत्तर लिहिता येतं. ती शिकिशी हँडबॅगेत घे, सामानात टाकू नकोस.

मिकान_वाकायामा
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीकर काका, मला पुण्यात शाळेत नोकरी मिळतेय आणि पीएफ आहे, तेव्हा आधी आकडा काढते. मावशी, कुकर रद्द, जिमोतीवर फ्रीज काल रात्रीच टाकला, आज सकाळी तिघांचे मेसेज.

गिफू ताई, तुझं वाचून मी आज मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले २० जूनला सांगितलं तरी चालेल, शुक्रवारच्या मुलांना तुम्हीच आधी सांगा. दगडावर बोट ठेवणारा तो मुलगा आता सहावीत आहे, त्याला माझ्या बुटांच्या कप्प्यावरची काताकाना लिपीतली चिठ्ठी काढून तिथे माझं नाव देवनागरीत लिहायचंय म्हणे, पुढच्या शुक्रवारी मार्कर घेऊन येणार आहे. त्याच दिवशी सांगते.